पावसाळ्यात कसारा घाट: सहा चाकी आयशरला कोणते टायर घ्यावेत?

पिंपळगावकर_आप्पा

राम राम मंडळी. मृग लागायच्या आत टायरचा निकाल लावायचा आहे, म्हणून धागा काढतोय.

गाडी सहा चाकी आयशर, १७ फुटी बॉडी, टायर ८.२५ आर १६. पिंपळगाव बसवंतहून कांदा भरून वाशी मार्केट, ऑगस्टपासून टोमॅटोचे क्रेट. अधूनमधून वणी-सापुतारामार्गे सुरतेचं भाडं. जाताना भरलेली, येताना बहुतेक वेळा खाली, म्हणजे रिकामी.

सध्या पुढे रिब (गोलाईत जाणाऱ्या सलग पट्ट्यांची नक्षी) आहेत, ते जवळपास गोटा, म्हणजे गुळगुळीत झालेत. मागे चारही लग (आडव्या मोठ्या ठोकळ्यांची नक्षी), त्यातले दोन रिमोल्ड, म्हणजे जुन्या टायरवर नवं रबर चढवलेले. भरलेल्या गाडीने घाट उतरताना विशेष त्रास नाही. पण रात्री वाशीहून खाली गाडी घेऊन येताना पाऊस असला की कसारा चढताना मागची चाकं जागेवर फिरतात. वर आल्यावर इगतपुरी ते घोटी सपाटीला ब्रेक मारला की गाडीची शेपटी हलते. ड्रायव्हर म्हणतो मोठ्या लगचे नवे टाका. दुकानदार त्याच्याकडे पडून आहेत तेच चांगले म्हणतो. सहाच्या सहा एकदम घेणं जमणार नाही.

ओल्या रस्त्याचा विचार करून कोणी टायर निवडलेत का? कंपन्यांची भांडणं नकोत, नक्षी आणि प्रकार यावर बोला.

मालेगाव_एक्सप्रेस

ड्रायव्हर बरोबर सांगतोय भाऊ. आमच्या दहा चाकीला मागे कायम लग. खदानीतून खडी भरून पावसात बाहेर यायचं तर लगशिवाय गाडी हलत नाही. जेवढा लग मोठा तेवढी पकड, सरळ हिशेब आहे.

गिरणारेकर

आमचा पिकअप आहे, टोमॅटोचाच धंदा. अलाइनमेंटवाल्याने सांगितलं होतं की दोनच नवे घ्यायचे असतील तर मागे टाका, ओल्यात गाडी गोल फिरत नाही. आप्पांच्या गाडीचीही शेपटीच हलतेय, म्हणजे मागेच टाकायला हवेत ना?

उगाच_एक

समृद्धीने जा ना राव. इगतपुरी ते आमणे २०२५ च्या जूनमध्ये सुरू झालंय, घाटच नाही. टायरचा खर्च वाचला.

पिंपळगावकर_आप्पा

टोल तुम्ही भरता का? व्यापारी भाडं तेच देतो, गाडी बोगद्यातून गेली काय नि घाटातून गेली काय.

हिशेबनीस_अंबड

@उगाच_एक, टायरचा खर्च तिथेही वाचत नाही. २०२३ मध्ये समृद्धीवर आरटीओवाले टायर तपासून गोटा टायरच्या गाड्या परत पाठवत होते. 🙂

रबरकाका

टायर कंपनीत सर्व्हिसला होतो, आता निवृत्त. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

एक्सप्रेसभाऊ, खदानीत तुमचं शंभर टक्के बरोबर. तिथे चाकाखाली चिखल असतो, लग त्यात रुततो आणि गाडीला ढकलतो. डांबरावर आणि काँक्रीटवर रुतायला काही नाही. तिथे जेवढं रबर रस्त्याला टेकतं आणि जेवढ्या कडा पाणी कापतात तेवढीच पकड. मोठ्या लगमध्ये दोन ठोकळ्यांमधली फट रुंद, म्हणजे टेकलेलं रबर कमी. शिवाय ठोकळा सलग असतो, त्याच्या तोंडावर बारीक चिरा नसतात. मोठ्या खाचा पाणी बाहेर फेकतात हे खरं, पण त्यानंतरही रस्त्यावर पाण्याचा एक पातळ थर उरतो. तो मोडायचं काम या चिरा करतात. दुकानात त्यांना साइप म्हणतात. टायर निवडताना आधी तिथे बोट फिरवा.

आता आप्पांची गाडी. चढताना चाक फिरणं आणि सपाटीला शेपटी हलणं, दोन्हीचं मूळ एकच. गाडी खाली असली की मागच्या चार चाकांवर मिळून जेमतेम दीड-दोन टन उरतात आणि हवा मात्र भरलेल्या गाडीची. टायर टणक फुगलेला, मधला पट्टा तेवढा रस्त्याला टेकतो. त्यात लग. त्यात जुना रिमोल्ड, ज्याचं रबर उन्हाने कडक झालेलं. चाक फिरणार नाही तर काय होणार.

पाण्यावर चाक तरंगण्याबद्दल आपल्याकडे एक गैरसमज आहे की ते कारवाल्यांचं दुखणं, ट्रकला होत नाही. त्याला कारणही आहे. नासाने १९६० च्या दशकात विमानांच्या चाकांवर प्रयोग करून सूत्र काढलं होतं. चाक तरंगायला लागणारा वेग टायरमधल्या दाबाच्या वर्गमुळाबरोबर वाढतो. त्या हिशेबाने १०० पीएसआयचं चाक तरंगायला ताशी १६० किलोमीटरच्याही वर वेग लागतो. आपला ट्रक एवढा कुठे पळतो? पण त्याच कामातल्या हॉर्न या संशोधकाने १९८० च्या दशकात दाखवून दिलं की खाली ट्रकला हे जसंच्या तसं लागू पडत नाही. वजन कमी झालं की टायरचा टेकलेला भाग लांबीला आखूड होतो, रुंदी मात्र जवळपास तीच राहते. पुढून येणारं पाणी बाजूला जायला वेळच मिळत नाही. अशा वेळी हायवेच्या रोजच्या वेगातही चाक उचललं जातं. भरलेली गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला घाट उतरते तेव्हा तरंगण्याचा प्रश्न येत नाही. तिथे धोका पहिल्या पावसात वर आलेल्या तेला-डिझेलचा आणि घासून गुळगुळीत झालेल्या डांबराचा. खाली गाडी रात्री घोटीजवळ सत्तर-ऐंशीने पळते आणि रस्त्यावर पाणी साचलेलं असतं, तिथे मात्र हा प्रश्न खराखुरा आहे.

माझं मत: पुढे नवे रिब, खांद्याला आणि पट्ट्यांना चिरा असलेले. मागे सेमी-लग किंवा ब्लॉक नक्षीचे, मधोमध सलग किंवा जवळजवळ ठोकळे आणि त्यावर चिरा. खोल लग तुमच्या कामाला नाही. त्याने टायर तापतो, आवाज करतो, डिझेल खातो आणि ओल्या डांबरावर काही देत नाही.

गिरणारेकर

काका, पण नवे पुढे का? अलाइनमेंटवाला खोटं बोलला का?

रबरकाका

नाही, कारपुरतं त्याचं बरोबर आहे. आणि तुमच्या पिकअपला मागे दोनच चाकं असतील तर तुमच्यासाठीही बरोबर. सहा चाकीला मागे चार टायर असतात, एक गेला तरी शेजारचा गाडी धरतो. पुढचा एक गेला तर स्टिअरिंग हातात राहत नाही. म्हणून ट्रकमध्ये सगळ्यात चांगली जोडी पुढे. याचा अर्थ मागे गोटा चालतो असा नाही. आप्पांच्या बाबतीत पुढचे दोन आत्ता आणि मागचे शक्य तितक्या लवकर.

सिन्नरी

काकांचं पटलं, पण एक बाजू राहिली. ओल्यात चिकटणारं मऊ रबर कोरड्यात लवकर झिजतं. नाशिक शहरात वर्षाला ७०० मिमीच्या आसपास पाऊस, आमच्या सिन्नरकडे त्याहून कमी, आणि इगतपुरीला ३००० च्या पुढे. आप्पांची गाडी पावसाळ्याचे चार महिने आणि त्यातही घोटी ते कसारा एवढाच पट्टा खऱ्या पाण्यात असते. बाकी वर्षभर तापलेलं डांबर. चार महिन्यांसाठी बारा महिन्यांचं मायलेज घालवायचं का, हा विचार करा.

हिशेबनीस_अंबड

सिन्नरीभाऊ, मी अंबड एमआयडीसीतल्या एका ट्रान्सपोर्टचा टायरचा हिशेब सांभाळते. मायलेजच्या वहीत अपघाताचा खर्च दिसत नाही म्हणून लग आणि नायलॉन (पोलादी पट्ट्यांशिवायचे टायर) स्वस्त वाटतात. बंपर, क्लेम, अडकलेला माल, आठ दिवस उभी गाडी, हे दुसऱ्या वहीत असतं. दोन्ही वह्या शेजारी ठेवून बघा.

आमच्याकडे पद्धत अशी आहे. प्रत्येक गाडीच्या प्रत्येक टायरची नक्षी महिन्याला गेजने मोजायची, तीन ठिकाणी, आणि सगळ्यात कमी भरेल तो आकडा लिहायचा. कायद्यात ट्रकसाठी किमान १.६ मिमी आहे. आम्ही पावसाळ्यात पुढचे ४ मिमीला उतरवतो. उतरवलेले फेकत नाही, केसिंग (टायरचा सांगाडा) धड असेल तर कोल्ड रिट्रेड करून, म्हणजे तयार नक्षीचा नवा पट्टा चिकटवून, मागे. पुढे रिट्रेड कधीच नाही. मे महिन्यात ज्याचे ५ मिमी उरलेत त्याला आत्ताच बदलतो, कारण ते ऑगस्टच्या ऐन पावसात ४ ला येणार आणि तेव्हा गाडी उभी करायला सवड नसते.

आणि जीएसटी २०२५ च्या सप्टेंबरात २८ वरून १८ टक्के झालाय. दुकानदार जुना भाव सांगत असेल तर बिल बघा.

घाटमाथा

टायरवर एवढी चर्चा चाललीये म्हणून माझे दोन पैसे. आप्पा, शेपटी हलते तेव्हा ड्रायव्हर एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून गाडी हळू करणारा) लावतो का ते विचारा. एक्झॉस्ट ब्रेक फक्त मागच्या, म्हणजे हौसिंगच्या चाकांना धरतो. गाडी भरलेली असली की देवासारखा. खाली गाडी, ओला रस्ता, त्यात एक्झॉस्ट लावला की मागची चाकं घसरणारच. जगातला कुठलाही टायर लावा.

दुसरं, हौसिंगजवळ ब्रेकचा लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह असेल तर त्याची दांडी जागेवर आहे का बघा. गाडी खाली असताना मागचा ब्रेक कमी करायचं काम तो करतो. पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) बदलताना मेकॅनिक ती दांडी तारेने बांधून मोकळा होतो, आणि मग खाली गाडीलाही पूर्ण ब्रेक मिळतो. तिसरं, २०१५ नंतरच्या गाडीला एबीएस (ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) असतं. डॅशबोर्डवर एबीएसचा दिवा कायम जळत असेल तर ते बंद आहे असं समजा. हबला ग्रीस केल्यावर सेन्सर नीट बसवत नाहीत.

पिंपळगावकर_आप्पा

घाटमाथा, नेम बरोबर बसला. ड्रायव्हरला विचारलं, तो म्हणे एक्झॉस्ट कायम चालूच असतो, ब्रेकचे लायनर वाचतात. आणि एबीएसचा दिवा गाडी घेतल्यापासून आहे असं तो समजून चाललाय. व्हॉल्व्हची दांडी उद्या खाली शिरून बघतो.

काका, आता तीन प्रश्न. एक, खाली गाडीची हवा कमी करू का? दोन, दुकानदार एक माल दाखवतोय, त्यावर एम प्लस एस लिहिलंय, म्हणतो हाच पावसाळी टायर. तीन, नायलॉन घेतले तर चारही मागचे एकदम होतात, रेडियल दोनच.

रबरकाका

हवा: रोज कमी-जास्त करायच्या भानगडीत पडू नका. वाशीला खाली झालात की हवा सोडणार, पिंपळगावला पुन्हा भरणार, एक दिवस विसरणार आणि भरलेल्या गाडीत टायर तापून फुटणार. गाडीच्या पुस्तकात भाराप्रमाणे आकडे असतात, तुमच्या नेहमीच्या भारासाठी जो आकडा आहे तो ठेवा, थंड टायरवर मोजून. पंक्चरवाल्याने ‘पावसाचा आहे, टाकतो पाच जास्त’ म्हटलं तर नको म्हणा. आणि जोडीतल्या आतल्या टायरची हवा बघता का? तिथे हात पोचत नाही म्हणून कोणी बघत नाही. बाहेरचा १०० आणि आतला ७० असेल तर ओझं एकटा बाहेरचा वाहतोय.

एम प्लस एस: ते चिखल आणि बर्फासाठीच्या नक्षीचं कंपनीने स्वतः लावलेलं चिन्ह आहे. ओल्या डांबरावर चाचणी केली असं त्यातून कळत नाही. पकड बघायची तर बाजूला गोलात ई असलेला शिक्का आणि त्याच्या नंबरापुढे एस, डब्ल्यू, आर अशी अक्षरं आहेत का बघा. डब्ल्यू म्हणजे ओल्या पकडीची चाचणी. आपल्याकडे सरकारने २०२२ मध्ये एआयएस १४२ हे टायरचं मानक लागू करायची अधिसूचना काढली. त्यात ट्रक टायरही येतात आणि ओल्या रस्त्यावरची पकड, लोळण्याचा विरोध आणि आवाज, तिन्ही मोजले जातात. जुना स्टॉक त्याआधीचा असू शकतो. त्यामुळे बाजूचा चार आकडी नंबर वाचा. २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. तीन-चार वर्षं दुकानात उन्हात लटकलेला टायर नक्षी पूर्ण असूनही ओल्यात दगा देतो, कारण रबर कडक झालेलं असतं.

नायलॉन: ओल्या रस्त्यासाठी विचारत असाल तर नको. रेडियलच्या नक्षीखाली पोलादी पट्टे असतात, टेकलेला भाग सपाट राहतो. नायलॉनचा प्रत्येक फेरीला आकसतो, पसरतो. एकाच एक्सलवर एक नायलॉन एक रेडियल तर कधीच नको.

मालेगाव_एक्सप्रेस

काका, वहीत सगळं बरोबर असेल, पण सापुताऱ्याकडे पावसात खड्ड्यात गाडी आदळली की रेडियलची बाजू फाटते. आमचे दोन नवेकोरे असेच गेले, कंपनीने क्लेम दिला नाही, म्हणे रस्त्याचा मार आहे. नायलॉन मार खातो आणि चालत राहतो. ज्याच्या खिशातून जातात त्याला विचारा.

रबरकाका

बाजू फाटण्याबद्दल तुमच्याशी वाद नाही. खड्डे, दगड, जास्त भार, इथे नायलॉन सोशिक आहे. महिन्यात जास्त फेऱ्या सुरतेच्या असत्या तर मी आप्पांना वेगळं सांगितलं असतं. पण त्यांनी प्रश्न वाशीचा विचारलाय.

मालेगाव_एक्सप्रेस

सुरतेला गेल्यावर टायर बदलून नेणार का मग? एकदाही फाटला तर वर्षाची बचत गेली. मला नाही पटलं, पण चालू द्या.

उगाच_एक

आमच्या गल्लीत एक जण तापलेल्या ब्लेडने गोटा टायरवर नवी नक्षी कापून देतो. अर्ध्याच्या अर्ध्या पैशात सहाही होतील. (मी फक्त सांगतोय.)

रबरकाका

बाजूवर रीग्रूव्हेबल असा शब्द कोरलेला असेल तर नक्षीखाली त्यासाठी जादा रबर ठेवलेलं असतं, तरच, तेही मागच्या चाकांना आणि जाणकाराकडून. नाहीतर ब्लेड पट्ट्यापर्यंत जातं, पाणी आत शिरतं, पोलाद गंजतं आणि उन्हाळ्यात नक्षीचा पट्टा रस्त्यावर सोलून पडतो. हायवेच्या कडेला जी रबराची सालं दिसतात त्यातली काही अशीच.

सिन्नरी

अवांतर: सिंहस्थाच्या कामांनी सगळीकडे खणलंय, डंपर माती सांडत जातात. पहिला पाऊस पडला की तो चिखल डांबरावर पसरणार. द्वारका ते आडगाव सांभाळून चालवा रे, घाट लांबच राहिला.

हिशेबनीस_अंबड

+१. दुचाकीवाल्यांनी तर फारच.

पिंपळगावकर_आप्पा

मंडळी, ठरवलंय. पुढे दोन नवे रेडियल रिब, चिरावाले, यंदाच्या तारखेचे. मागचे दोन रिमोल्ड लगेच उतरवतो. त्या जागी सेमी-लग रेडियल दोन, एका बाजूची पूर्ण जोडी. दुसऱ्या बाजूची जोडी टोमॅटोचे पैसे आले की. चालेल ना काका?

रबरकाका

नाही. एका बाजूला नवे सेमी-लग आणि दुसऱ्या बाजूला झिजलेले लग म्हणजे एकाच एक्सलला डाव्या-उजव्या बाजूची पकड वेगळी. ओल्यात ब्रेक मारला की गाडी एका अंगाला ओढणार. मागचे चारही एकाच नक्षीचे करा. पैसे कमी पडत असतील तर पुढे नवे आणि मागे चार चांगल्या केसिंगचे कोल्ड रिट्रेड, सेमी-लग नक्षीत, चारही एकाच दुकानातून. जोडीतल्या दोन टायरच्या उंचीत ६ मिमीपेक्षा जास्त फरक नको, नाहीतर मोठा सगळं ओझं घेतो आणि छोटा नुसता घासत जातो.

पिंपळगावकर_आप्पा

हे चांगलं झालं विचारलं ते. मग चार रिट्रेडच. आडगाव ट्रक टर्मिनलला एक-दोन दुकानं माहितीत आहेत, केसिंग स्वतः बघून घेतो. बाकी, व्हॉल्व्हची दांडी तारेनेच बांधलेली निघाली. 🙏 घाटमाथा.

घाटमाथा

वाटलंच होतं. दांडी सोडवली म्हणजे झालं असं नाही, तिची सेटिंग गाडी खाली असताना करायची असते. ब्रेकवाल्याकडूनच करून घ्या.

नवे टायर बसले की पहिले काही दिवस घाटात जपून. साच्यातून निघताना वरच्या रबराला जो गुळगुळीतपणा असतो तो घासला जाईपर्यंत नवा टायर ओल्यात अपेक्षेपेक्षा जास्त सटकतो. आणि पहिल्या ५०-१०० किलोमीटरला थांबून नट पुन्हा आवळा.

गिरणारेकर

वाखुसा (वाचनखूण साठवली). पिकअपलाही बघतो आता, आतापर्यंत फक्त भाव विचारत होतो.

हिशेबनीस_अंबड

आप्पा, बिलावर पुढच्या दोन्ही टायरचे सिरीयल नंबर लिहून घ्या, दुकानदार कंटाळा करतो. आणि रिट्रेडवाल्याकडे केसिंग टाकताना खडूने नाही, ऑइल पेंटने खूण करा. आपलं चांगलं केसिंग जातं आणि भलत्याचं परत येतं.